सासूबाईंच्या माशाचा व्यायाम

"आठ दिवस. फक्त आठ दिवस द्या मला. तुरुतुरु पळायला लागला नाही, तर दवाखान्यावरची पाटी उतरवतो," असं जेवता जेवता जाहीर करून डॉक्टर पुन्हा ताटाकडे वळले.

"मासा आहे तो. पळणार कुठे?" बायको म्हणाली.

"पोहेल. शब्दात पकडू नकोस."

हे डॉक्टर म्हणजे गोळ्या-इंजेक्शनवाले नव्हेत, फिजिओथेरपिस्ट. गुडघा बदललेले, खांदा आखडलेले, कंबर धरलेले लोक त्यांच्याकडे दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी जिना उतरून जायचे. त्यामुळे अंगात हाडं असलेल्या कुठल्याही प्राण्याला आपण कामाला लावू शकतो, असा त्यांचा ठाम समज झाला होता. माशाला हाडं असतात. प्रश्न मिटला होता.

मासा सासूबाईंचा होता. निळाजांभळा, झालरीसारख्या शेपटीचा बेट्टा. दुकानदार ज्याला फायटर म्हणतात तो. सासरे गेल्यावर वर्षभराने सासूबाई एकट्याच बाजारात गेल्या होत्या आणि कुणालाही न विचारता हा मासा घेऊन आल्या होत्या. त्याचं नाव ठेवलं सरदार. सकाळी पहिला शब्द त्या सरदारशी बोलायच्या, मग घरातल्या माणसांशी. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा त्या तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेल्या, आणि जाताना सरदारला जावयाच्या हवाली करून गेल्या.

"जावईबापू, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन दाणे. तो उपाशी असल्यासारखा बघेल. बघू द्यायचं."

तो खरोखरच तसा बघायचा. डॉक्टरांचं मन मऊ. दोनाचे चार झाले, चाराची चिमूट झाली, आणि पाचव्या दिवशी सरदार फुग्यासारखा फुगून एका कुशीवर तरंगायला लागला. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच चपला उलट्यासुलट्या घालून शोभेच्या माशांच्या दुकानात धावले. दुकानदाराने तीन दिवस कडकडीत उपास सांगितला, पाण्यात घालायला औषध दिलं आणि वर म्हणाला, "साहेब, मासा आजारी पडला नाही, तुम्ही पाडलात."

उपासाने आणि औषधाने सूज उतरली. सरदार सरळ झाला. पण जीवच नव्हता त्याच्यात. काचेच्या पेटीच्या तळाशी जाऊन पडायचा. मध्येच हवा घ्यायला मोठ्या कष्टाने वर यायचा आणि पुन्हा तळ गाठायचा, जसा काही पाचव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद आहे.

रोज संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा. "सरदार काय म्हणतोय?"

"मजेत आहे," डॉक्टर सांगायचे, आणि फोन ठेवल्यावर कपाळावरचा घाम पुसायचे.

तर अशा परिस्थितीत ती आठ दिवसांची घोषणा झाली होती.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. त्यावर सरदारचं वय (अंदाजे), आजार, आणि रोजचा कार्यक्रम: पाण्याचं तापमान सत्तावीस अंश, खाणं अगदी थोडं, विश्रांती भरपूर, आणि दिवसातून एकदा तीन मिनिटं आरसा. ही आरशाची युक्ती दुकानदाराची. फायटर माशाला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की समोर शत्रू आलाय असं वाटून तो कल्ले फुगवतो, पिसारा काढतो, आणि त्यात त्याचा व्यायाम होतो. डॉक्टरांनी बायकोचा हातातला आरसा काचेला लावला. सरदारने आरशात पाहिलं. लग्नात भेटलेल्या, नाव न आठवणाऱ्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"उत्साह नाही," डॉक्टरांनी तक्त्यावर लिहिलं.

"माझा आरसा दे," बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण दिवसभर दवाखान्यात आणि पेशंट घरी, हे बरोबर नाही. शिवाय दुकानदार म्हणाला होता, अशक्त माशाला खोल पाणी नको, पसरट भांडं द्या, म्हणजे हवा घ्यायला फार वर यावं लागणार नाही. दवाखान्यात पाय शेकायचे टब होतेच. त्यातला एक कोरा, पांढरा टब त्यांनी व्यायामाच्या खोलीत एका बुटक्या स्टुलावर ठेवला, त्यात आदल्या दिवशी भरून ठेवून मुरवलेलं पाणी वीतभर भरलं, कडेला छोटा हीटर लावला, पृष्ठभागाजवळ एक रुंद प्लास्टिकचं पान चिकटवलं, म्हणजे सरदारला टेकायला जागा. सरदार त्या पानाखाली जाऊन बसला तो दिसेनासाच झाला.

व्यायामाच्या खोलीत तेव्हा रोज हेडबाई यायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते आणि तो साठ अंशांच्या पुढे वाकायला तयार नव्हता. खरं सांगायचं तर बाईच तयार नव्हत्या. आयुष्यभर इतरांना अंगठे धरायला लावलेल्या बाईंना स्वतः काही धरायची सवय नव्हती.

"हे काय आहे?" त्यांनी टबाकडे वॉकर रोखून विचारलं.

"पेशंट आहे," डॉक्टर म्हणाले. "आजारातून उठलाय. थोडा थोडा व्यायाम देतोय."

हेडबाईंनी चष्मा पुसला, वाकल्या नाहीतच, पण मान लांब करून पानाखाली पाहिलं. "हा काही करताना दिसत नाही."

"तुमच्यासारखंच आहे त्याचं."

बाईंनी वॉकर खुर्चीकडे वळवला. पण त्या दिवसापासून त्या आल्या की आधी टबाकडे बघायच्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणायच्या, "चला, उठा. लोळणं पुरे." सरदार शेपटीचं टोक हलवायचा. बाई म्हणायच्या, "उद्धट आहे." आणि एवढं झाल्यावर स्वतःच्या गुडघ्यावर घालायला गरम पिशवी मागून निवांत बसायच्या.

सहाव्या दिवशीही तीच कथा. सरदार पानाखाली, हेडबाई खुर्चीत, आणि डॉक्टर दोघांच्या मध्ये हात टेकून उभे. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, डोळा छान झालाय हिचा. मी उद्या सकाळीच निघते. दुपारी परस्पर दवाखान्याकडेच येते, मग बरोबरच घरी जाऊ. आणि जरा फोन सरदारजवळ धरा हो."

"आत्ता?"

"आत्ताच. रोज ऐकवायचं मनात येतं, पण तुम्ही हसाल म्हणून राहून जातं."

डॉक्टरांनी स्पीकर सुरू करून फोन टबावर धरला. खोलीतल्या माणसांनी बोलणं थांबवलं. "सरदार," पलीकडून आवाज आला, "उद्या येते हं मी. इथे कुणी ऐकणारं नाही रे. सगळे बोलणारेच आहेत."

सरदार पानाखालून अर्धा बाहेर आला. एक क्षण थांबला. मग पुन्हा आत गेला.

"ऐकलं त्याने," हेडबाई हळूच म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. डॉक्टरांना मात्र त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही. इतके दिवस मजेत आहे म्हणून सांगितलेला मासा उद्या दुपारी त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलरकाका आले. नवेच पेशंट. चाळीस वर्षं शिवणयंत्राचं पायडल मारून उजवी टाच इतकी दुखायची की ते तीन महिने चवड्यावर चालत होते. रिसेप्शनवरच्या मावशींनी त्यांची माहिती लिहून घेतली आणि सांगितलं, "काका, आतल्या खोलीत कोमट पाण्याचा टब भरून ठेवलाय. दहा मिनिटं पाय सोडून बसा. मग डॉक्टर बघतील आणि यंत्राने हलका करंट लावतील."

मावशींच्या मनातली आतली खोली डावीकडची. काका उजवीकडे वळले. तिथे टब होता, पाणी कोमट होतं, समोर खुर्ची होती. कुणाला शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं. काकांनी मोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले आणि दोन्ही पाय टबात सोडले. कोपऱ्यातल्या खुर्चीत हेडबाई वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसल्या होत्या. त्यांनी काही पाहिलं नाही.

डॉक्टर पलीकडच्या खोलीत एकाचा खांदा फिरवत होते. दोन-तीन मिनिटांनी काकांचा आवाज आला, "डॉक्टर, करंट चालू झाला वाटतं."

डॉक्टरांना वाटलं, काका डावीकडच्या खोलीत आहेत आणि नवखे आहेत. "नाही काका, अजून लावलेला नाही. बसा आरामात."

डॉक्टरांनी खांदा आणखी दोनदा फिरवला. मग पुन्हा, "लागतोय हो. अंगठ्यात मुंग्या येतायत. चांगलं वाटतंय तसं."

"कोमट पाण्याने वाटतं तसं."

आणखी एक मिनिट गेलं. "डॉक्टर, करंट जरा कमी करा. आता टोचायला लागलाय. आणि तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरतोय."

करंट फिरतोय म्हटल्यावर डॉक्टरांच्या हातातला खांदा सुटला. ते बाहेर आले, डावीकडे पाहिलं, खोली रिकामी. उजवीकडे पाहिलं आणि दारातच खिळले.

काका पाय सोडून बसले होते. आणि त्यांच्या अंगठ्यासमोर सरदार उभा ठाकला होता. कल्ले फुगलेले, पिसारा ताणलेला, रंग असा उजळलेला की जणू रेशमाचा तागा उलगडलाय. मागे सरत होता आणि पुन्हा धावून येऊन अंगठ्याला ठोकरत होता. आरशातल्या माशाला त्याने भीक घातली नव्हती, पण आपल्या घरात घुसलेला हा गुबगुबीत, एक नख असलेला शत्रू त्याला बिलकूल मान्य नव्हता.

"काका, हलू नका," डॉक्टर कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तीन मिनिटं. फक्त तीन मिनिटं असेच बसा."

काकांनी खाली पाहिलं. "हे यंत्र आहे?"

"मासा आहे."

"बरं," काका म्हणाले. डॉक्टर म्हणतात तर असेल बुवा, असा त्यांचा स्वभाव होता. "मग मी टाचेला बाम लावलाय तो त्याला चालतो ना?"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. बाम. वीतभर पाण्यात. "पाय काढा," ते ओरडले. काकांनी ते इतक्या तातडीने ऐकलं की दोन्ही पाय थेट खुर्चीवर घेऊन ते तिच्यावर उभे राहिले. डॉक्टरांनी जाळी घेतली आणि टबात घातली. काल जो मासा चमच्याने उचलता आला असता, तो आज हाती लागेना. जाळी डावीकडे तर हा उजवीकडे. जाळी खाली तर हा वर. आणि वर म्हणजे किती वर, तर सरळ टबाबाहेर. निळी ठिणगी उडावी तसा उडाला आणि जमिनीवर पडून तडफडत हेडबाईंच्या खुर्चीखाली गेला.

डॉक्टर त्याच्या मागे झेपावले, सांडलेल्या पाण्यावर घसरले आणि चारी पायांवर आले. तोवर हेडबाईंनी वर्तमानपत्र टाकलं होतं, वॉकर ढकलला होता आणि त्या चक्क गुडघे टेकून जमिनीवर बसल्या होत्या. चहाच्या रिकाम्या पेल्याने त्यांनी सरदारला अलगद टिपला आणि दुसरा हात वर झाकला.

डॉक्टर मात्र मासा विसरून बाईंच्या गुडघ्याकडे बघत होते. "बाई, नव्वद. नव्वदच्याही पुढे."

"गुडघा कुठे जात नाही. आधी पाणी आणा."

मावशी मुरवलेल्या पाण्याची बरणी घेऊन धावत आल्या. सरदार त्यात पडला, एक गिरकी घेतली, वर जाऊन हवा घेतली आणि बरणीवर ठेवलेल्या हेडबाईंच्या बोटावर कल्ले फुगवले.

"उद्धट आहे," हेडबाई लाडाने म्हणाल्या.

याच वेळी दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात पिशवी घेऊन. त्यांना दिसलं ते असं: एक अनोळखी गृहस्थ अनवाणी खुर्चीवर उभे, एक वयस्क बाई जमिनीवर बसलेल्या, आणि जावई ओणवे.

"सरदार कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मावशींनी बरणी पुढे केली. सासूबाईंनी ती उजेडात धरली, एक डोळा बारीक करून निरखली. सरदार काचेला नाक लावून इकडून तिकडे नाचत होता.

"काय तरतरीत दिसतोय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही लाडाने खायला घालून आजारी पाडाल त्याला."

आता मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण डॉक्टरांना ते जमलं नाही. ओणव्यानेच ते म्हणाले, "पाडला होता. फार आजारी होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत ते?"

"तुम्ही त्याच्यासाठी तक्ता केलात म्हणे. आमच्या ह्यांनी तीस वर्षांत माझ्यासाठीसुद्धा तक्ता केला नव्हता. म्हटलं, असू दे त्यालाही थोडं कौतुक." आणि त्यांनी बरणी छातीशी धरली. "उठा आता, जावईबापू."

डॉक्टर उठायला गेले आणि त्यांची कंबर धरली. शेवटी हेडबाईंनीच त्यांना हात दिला, हळूहळू सरळ केलं, श्वास सोडायला सांगितलं आणि वर ऐकवलं, "रोज थोडा व्यायाम करत चला."

सगळं आवरेपर्यंत तासभर गेला. टेलरकाका खुर्चीवरून उतरले, दोन पावलं टाकली आणि थांबले. टाच जमिनीला टेकली होती. पुन्हा चालून पाहिलं. पुन्हा टेकली. कोमट पाण्याने, घाबरून मारलेल्या उडीने की आणखी कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी काकांची टाच नीट दाबून, तपासून पाहिली, पोटरीचे तीन व्यायाम शिकवले, कागदावर लिहून दिले. काकांनी तो कागद न वाचता मोज्यांबरोबर खिशात घातला.

बाहेर मावशींनी वही उघडली. "काका, मंगळवारी अकराला याल? डॉक्टर असतील."

"असू देत," काका म्हणाले. "पण तो निळा असेल का?"

"नाही हो, तो आजच घरी चाललाय."

काकांनी चपला घातल्या आणि थोडा विचार केला.

"मग राहू दे. मी फोन करून कळवतो."