सबवूफर आणि आर्डिसचे पाय

सबवूफर अँप्लिफायरला जोडायच्या पद्धती दोन, आणि व्हर्लिन टोस्ट्रूडचे मित्रही दोनच. सगळा घोळ झाला तो इथेच.

नुसता खर्ज घुमवणाऱ्या स्पीकरचं ते काळं चौकोनी धूड व्हर्लिनने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधल्या जुन्या सामानातून आणलं, ते बायकोसाठी. आर्डिसने गावातल्या लुथरन चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवला. पुढे संधिवाताने बोटं आखडली आणि दोन वर्षांपूर्वी तिने ऑर्गनचं झाकण लावलं ते लावलंच. तेव्हापासून बाई आतून मिटून गेली. सूप ढवळायची, बागेतलं तण काढायची, पण गाण्याचं नाव नाही. शेवटच्या रविवारचं तिचं वाजवणं पाद्रीबाईंनी सीडीवर घेऊन दिलं होतं. ती एकदा लावली, तर आर्डिस म्हणाली, "यात माझे पाय कुठे ऐकू येतात?" आणि उठून गेली.

ऑर्गनमधला खर्ज पायाखालच्या पट्ट्या दाबून वाजवायचा असतो, आणि व्हर्लिनच्या म्हाताऱ्या स्पीकरांना खर्ज काही झेपत नव्हता. येत्या शनिवारी लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत होती. तोवर बायकोचे पाय बायकोला परत द्यायचेच, असं नवऱ्याने मनाशी ठरवलं.

सोमवारी ड्वेन आला. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. "स्पीकरच्या ज्या वायरी आहेत ना, त्यांच्याच जोडीने याच्या वायरी काढ," तो म्हणाला. "दोघं एका ताटात जेवले की भांडण नाही." आणि त्याने स्वतः जोडूनही दिलं.

मंगळवारी मर्ल आला. चर्चचे माइक गेली वीस वर्षं तोच सांभाळत होता. "हे ड्वेनचं काम दिसतंय," अँप्लिफायरच्या कपाटामागे वाकून बघत तो म्हणाला. "अरे लेका, अँप्लिफायरने सबवूफरसाठी मागे वेगळं सॉकेट दिलंय. एक वायर, विषय संपला. दार उघडं असताना खिडकीतून कशाला घुसायचं?" त्यानेही स्वतः जोडून दिलं.

व्हर्लिन दोघांनाही म्हणाला, "बरं झालं हं आलास." मिनेसोटातल्या त्या गावात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे बर्फात रुतलेल्या गाडीला धक्का न देता निघून जाणं. मग काय, बुधवारी ड्वेन सहज डोकावला, तेव्हा तो ओसरीवर बूट काढेपर्यंत व्हर्लिनने मर्लची वायर उपटून ड्वेनच्या खोचल्या. गुरुवारी मर्लसाठी उलटं. दोन दिवसांत बिचाऱ्याचा मुक्काम कपाटामागेच पडला.

"काय चाललंय तिकडे पालथं पडून?" आर्डिसने विचारलं.

"झाडतोय."

पंचेचाळीस वर्षांत ज्याला झाडू कुठे टांगतात ते ठाऊक नव्हतं, त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. "वेगळंच आहे," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी मात्र तिनेच बॉम्ब टाकला. "उद्या तीन वाजता कॉफीला बोलावलंय. ड्वेनला आणि मर्लला."

"दोघांना? एकदम?"

"मग काय, पाळीपाळीने?"

सबवूफरच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, दोनपैकी एकच जोडणी करा. पण पुस्तिकेला मित्र नसतात. शनिवारी सकाळी त्याने देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही जोडून टाकल्या.

तीन वाजता रूबार्ब घातलेल्या आंबटगोड पाईचा दुसरा तुकडा दोनदा नाकारून, तिसऱ्यांदा घेऊन झाला. ड्वेनने हळूच कपाटामागे बघितलं. आपल्या वायरी जागेवर. खूश. मर्लनेही बघितलं, आपली वायर जागेवर. तोही खूश. व्हर्लिनने सीडी लावली.

आवाज आला तो मोज्यांतून आला. जमीन घुमली, कपबशा थरथरल्या. दुहेरी वायरीने खर्ज नुसता अंगावर येत होता. आर्डिसचा हात छातीशी गेला, डोळे भरून आले, आणि व्हर्लिनला आठवडाभराच्या लोळण्याचं सार्थक वाटलं. मग स्तोत्राचा शेवटचा सूर लागला. खूप लांबवलेला, भरदार आणि साफ चुकीचा. दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेल्या गाईसारखा तो तिथेच ठाण मांडून राहिला.

"छान हं," ड्वेन म्हणाला.

"फारच छान," मर्ल म्हणाला. या दोघांचं एकमत झालं, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे व्हर्लिनला कळलं.

"पुन्हा लाव," आर्डिस म्हणाली. पुन्हा लावलं. पुन्हा तीच गाय.

"डावा पाय. एक पट्टी अलीकडे पडलाय. सगळी रडत होती त्या दिवशी, मीही रडत होते, मेलं काही ऐकूच आलं नाही."

"अगं, कुणालाच कळलं नसेल."

"मलाही कळलं नव्हतं ना, व्हर्लिन! मला वाटत होतं, निदान शेवट तरी मी नीट केला."

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय द्यायला निघालेल्या माणसाने बायकोला तिची चूक आणून दिली होती. "थांब, काढूनच टाकतो," म्हणत त्याने कपाट पुढे ओढलं, आणि दोन्ही जोडण्या उजेडात आल्या.

"ही कुणाची?" मर्लने विचारलं.

"आणि ही?" ड्वेनने विचारलं. दोघेही आधी व्हर्लिनकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"नाही, म्हणजे तुझीही चालते," ड्वेन म्हणाला.

"छे छे, तुझीच राहू दे," मर्ल म्हणाला. त्या गावात याहून मोठं भांडण कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

ते रंगात आलं तेव्हा व्हर्लिनच्या लक्षात आलं की खोलीत आर्डिस नाही. तो घाबरून बाहेर धावला. ती ओसरीच्या बाकावर बसली होती. पायांत ऑर्गन वाजवताना घालायचे पातळ तळाचे काळे बूट होते. दोन वर्षं ते खोक्यातून बाहेर आले नव्हते.

"कुठे निघालीस?"

"चर्चमध्ये. ती नवी ऑर्गनवाली क्रिस्टा शनिवारी चारला सराव करते. पियानोवाली पोर, हात सुरेख आहेत, पण पायांना घाबरते. ऑर्गनच्या बाकावर मावू दोघी. तिचे हात, माझे पाय."

"अगं पण तुझी बोटं..."

"बोटं गेली. पायांना काय धाड भरलीय? असा चुकीचा सूर ठेवून मी मरू की काय? खाली बस आणि नाड्या बांध. मला जमत नाहीत."

व्हर्लिन गुडघ्यांवर बसला. घरातून अजून "तुझीच, तुझीच" ऐकू येत होतं. त्याने उजव्या बुटाची गाठ नीट मारली.

"डाव्या पायाची जरा घट्ट बांध," आर्डिस म्हणाली.