गुंफामायचं तोंड

माह्या लग्नात आहेर याच्या आंधी शिवी आली. विहारात वंदना झाली, फुलं पडले, पंगत बसली, म्या मान खाली घालून पयला घास तोंडात टाकला न टाकला तं मांडवाच्या खांबापाशी एक बाई उठून उभी राह्यली, कमरेले पदर खोसला, अन् माह्या मायकडं बोट करून साऱ्या पंगतीले आयकू जाईन असं म्हने, "इहीनबाई इहीनबाई, खायाले पुढं, कामाले नाई!"

मी लटलट कापाले लागली. म्हनलं, झालं, मोडलं लगन. मायचा घास तसाच हातात. अन् सासरचे सारे लोकं खीखी करून हासून राह्यले बापा! मंग ते बाई सरळ मायजवय आली, पदराची गाठ सोडली, खडीसाखरेचा एक खडा मायच्या तोंडात कोंबला, गयात पडली, अन् म्हने, "हां. आता तुहा नंबर."

"कायचा?" माय म्हने.

"शिवी देयाचा! म्या देली ना तुले? आता तू दे!"

माही माय साधी बाई, तिनं हातच जोडले. त्या बाईचं तोंड असं पडलं, जसं काही तिचाच अपमान झाला.

ते गुंफामाय. किन्हीराजाले, माह्या सासरच्या गावी, तिचं अन् आमचं घर एका भिंतीले लागून हाय. पयले म्हने गावात कोनाचंही लगन असो, गुंफामायले बलावनं जाये. वरात आली का हे इकून शिवी हाने, तिकून पाव्हन्यायची एखादी बाई उठे, हिच्यावर दोन जास्तीच्या हाने. भात थंडा होये पन कोनी उठे नाई. अन् नेम एकच, जिनं शिवी देली तिनं निंगाच्या आंधी तोंड गोड कराचं. नाई केलं तं शिवी अंगाले चिकटून राह्यते. मंग डीजे आले. त्या धडामधुडीत शिवी कोनाले आयकू येते? बलावनं बंद झालं. पदरातली गाठ तेवढी राह्यली.

पन तोंड कुठं बंद होते! रोज सकायी म्या दार उघडलं का भिंतीपलीकून आलंच, "उठली काय वं राजाची लेक? सूर्य थकून बसला तुही वाट पाहून!" मी पदर डोक्यावर घेऊन चुपचाप आत. मले तिचं लय भेव वाटे. मले तसं साऱ्याचंच भेव वाटते, मी आठवी नापास, सासरी आली तवा लहानशीच होती, कोनाले काय उत्तर देऊ?

तर माही लेक तेजू. सातवीत हाय. शायेत सॉफ्टबॉल म्हनून खेय खेयते. एक दिवस सर रस्त्यात भेटले अन् हासत हासत म्हनतात, "ताई, तेजू चोरी लय मस्त करते!" माह्या हातातली पिशवीच पडली. रडाले लागली मी. मंग सरनं समजावून सांगतलं का त्या खेयात पिचर चेंडू फेकाच्या नादात असला का एका बेसवरून दुसऱ्यावर पयून जाचं असते, त्याले चोरी म्हनतात. असं नाव ठेवतात काय कोनी लेकराच्या खेयाले!

जिल्ह्याची मॅच वाशीमले होती. जिकले तं अमरावतीले जाचं. तेजूनं दोन महिन्यापासून अमरावती अमरावतीच लावलं होतं, झोपेत बी. घरचे कामाले गेलते म्हनून मी एकलीच निंगाली, तं शायेच्या गाडीत माह्या आंधी गुंफामाय बसेल! नवं लुगडं, पदराले ही मोठी गाठ. म्हने, "दोन पार्ट्या हाय ना? दोन पार्ट्या असल्या का माहं काम असते."

मी पदर सावरून तिच्या बाजूले बसली.

समोर मंगरूळवाल्या पोरी होत्या. त्यायची पिचर नाजिया, उंच, लांब हाताची. असा खालून गरकन हात फिरवे का चेंडू दिसेच नाई. गुंफामायनं दोन चेंडू पाह्यले, तिसऱ्याले उभी राह्यली, पदर खोसला.

"अवं लांबहाती! हात हाय का हातपंपाचा दांडा? हापसून हापसून थेंब नाई पडून राह्यला!"

मंग आमच्याच पोट्ट्या फिदीफिदी हासल्या. नाजियाचा चेंडू भलतीकडं गेला. त्याच्यामागचा बी. गुंफामायले चेवच चढला, "मायनं भाकर देली का नुसती फुंकनी देली वं सकायी?" अन् ते पोरगी, बापा, चेंडू हातात घेऊन रडाले लागली. माह्या तेजूच्याच उमरीची. मले वाटलं जमीन फाटावी अन् मी आत जावं.

पंच पयतच आले. सरले म्हने, "ही बाई तुमच्याकडची ना? लेकरायचा खेळ हाय हा. यांच्या तोंडून अजून एक शब्द निघाला तर सामना त्यांना देऊन टाकीन." सरचं तोंड पांढरंफट्ट. मले म्हने, "ताई, तुमच्या गावच्या हाय, तुमी सांभाळा." मी? मी सांभाळू? मी तं कोंबडी बी हाकलत नाई!

तेजू बी पयत आली, डोये लाल. "आजी, आमी खेयाले आलो, लग्नाले नाई आलो!"

गुंफामाय मटकन खाली बसली. मले इचारे, "ते रडली काहून वं? कोनी रडे काय पयले? उत्तर देये ना समोरची. म्या तं तिच्यासाठी जागा ठेवली होती." तिले खरंच समजून नाई राह्यलं होतं.

म्या हात जोडले. म्हनलं, "माय, पाया पडतो, आता बोलू नोका. तेजूची अमरावती जाईन."

गुंफामायनं पदराची गाठ सोडली अन् खडीसाखरेचा एक खडा सोताच्या तोंडात टाकला. विरघयला का दुसरा. मंग दोन दोन. नाजियानं डोये पुसले अन् मंग असे चेंडू टाकले का आमच्या पोट्ट्या पटापट आऊट. गुंफामायचे गाल फुगून हे एवढाले, शब्द वर आला का हे खडा खाली कोंबे, डोयाले पानी. मी तिचा हात घट धरून बसली, कोन कोनाले धरून होतं मले मालूम नाई.

शेवटच्या डावाले बरोबरी. तेजू तिसऱ्या बेसवर, तिथून शेवटच्या बेसवर पोचली का एक रन. नाजियाचा चेंडू कॅचरच्या हातातून निसटला, अन् माही पोरगी सुटली! मातीत घासत आली, धुयाच धुया, पंचानं दोन्ही हात पसरले. सेफ! जिकल्या! मी किंचाळली, माही मीच दचकली. गुंफामाय नुसती "हंऽऽ हंऽऽ" करून राह्यली, तोंड भरेल होतं.

मंग पोरी ओयीनं उभ्या राह्यल्या, एकमेकीच्या हातावर हात मारला. अन् नाजिया ओय सोडून आमच्याकडंच याले लागली. गुंफामाय उठली, पदर चाचपला. गाठ रिकामी. झटकला, तं नुसता भुगा.

"अवं माय," ते म्हने, "सारी मीच खाल्ली वं! आता या लेकराची शिवी कशी उतरवू?" म्या तिले कधी भेलेलं पाह्यलं नव्हतं.

नाजिया समोर उभी राह्यली. नाक लाल. दम घेतला अन् म्हने, "दादी, मी हातपंप, तं तुमी बिनतोटीचा नळ! एक बार चालू झाला का बंदच नाई होत!"

म्या म्हनलं, आता काही खरं नाई, आता हा नळ सुटते.

गुंफामायनं तिच्याकडं पाह्यलं. मंग त्या पोरीचे दोन्ही हात धरले, ज्यायले दांडे म्हनलं होतं तेच, अन् आपल्या गालाले लावले. "आलं वं," मले म्हने, "उत्तर आलं!"

वापसीत पोट्ट्या गाडीत गाने म्हनून राह्यल्या होत्या. गुंफामाय खिडकीपाशी गप्प. मले वाटलं झोपली. तं हयूच म्हने, "घरात कोनी नसलं का मानूस शिवी बी इसरते वं. म्हनून मी तुले देतो रोज. तू तं दारच लावून घेते."

दुसऱ्या दिवशी म्या दार उघडलं. भिंतीपलीकून आलंच, "उठली काय राजाची लेक? कोंबडे आरवून आरवून झोपले बी!"

माहे पाय आत वयले. पदरावर हात गेला. मंग म्या डोये मिटले अन् कशी तं म्हनली, "कोंबड्यायले नंबरच कुठं भेटते, माय, तुमच्यापुढं!"

तिकडं सारं चूप. मी भेली. म्हनलं, जास्तच झालं काय वं? लागलं काय म्हातारीले?

मंग डब्याचं झाकन वाजलं. भिंतीवरून तिचा हात आला, मुठीत खडीसाखर. हात थरथरून राह्यला होता. मले आतालोक वाटे, या गल्लीत थरथरनारी मी एकलीच हाय.