देवरावभाऊची शिफ्ट पुढंच फिरते

देवरावभाऊले किती वाजले ते विचारू नका. विचारलं तं ते घड्याळाकडं मस्त टाइम घेऊन पाह्यतेत अन् सांगतेत, "ए शिफ्ट सुटाले चाळीस मिनिटं हायेत." आता हिशोब तुमचा तुम्ही लावा. ए शिफ्ट म्हणजे सकाळी सहा ते दुपारी दोन, बी म्हणजे दोन ते रात्री दहा, अन् सी म्हणजे दहा ते पुन्हा सकाळी सहा. म्हणजे झाले एक वाजून वीस मिनिटं. आमच्या गावातल्या चौथीच्या पोट्ट्याइले पाढे येत नाईत, पण हे गणित तोंडपाठ हाये.

भाऊ आमचे समोरचे शेजारी. गाव आमचं कोरपन्याच्या बाजूले, इकडं कापूस अन् तिकडं सिमेंट कंपनीची चिमणी. भाऊची सगळी जवानी त्या चिमणीखाली गेली, किल्नवर. किल्न म्हणजे सिमेंटची भट्टी. उभी चिमणी आडवी करून तिले गोल फिरवत ठेवा, आत आग लावा, झाली किल्न. भाऊले रिटायर होऊन तीन वर्सं झाली. कंपनीनं त्यायले सोडलं, पण त्यायनं काही कंपनीले सोडलं नाई.

दुनियेतले सगळे माणसं त्यायनं शिफ्टमधे वाटून टाकलेत. माही माय ए शिफ्ट. गावातले कुत्रे सी शिफ्ट. ग्रामसेवक जनरल शिफ्ट. "टाइमात येते, टाइमात जाते, मधात काय करते ते कोणालेच माहीत नाई!" कोणाच्या घरी बाळ झालं तं भाऊ पोरगा का पोरगी ते विचारतच नाईत. "कोणत्या शिफ्टले झालं?" बी शिफ्टले झालं म्हणलं की खूश. "चांगलं. बी शिफ्टचा माणूस डोस्क्यानं थंड राह्यते."

अन् आवाज! मशीनच्या गडगडाटात जिंदगी गेली ना, तं भाऊले वाटते सगळी दुनिया बहिरी. त्यायची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण. एकदा मायच्या कानात "कोणाले सांगू नका" म्हणून त्यायनं एक गोष्ट सांगतली. संध्याकाळी तीच गोष्ट पानठेल्यावरच्या माणसानं मले सांगतली, आणि तोही म्हणे, "कोणाले सांगू नको."

आता माह्याबद्दल थोडं. मी पंकज, गावाले पंक्या. नकला कराचा नाद. सरपंच, गुरुजी, बसचा कंडक्टर, दूध पिऊन ढेकर देणारी मांजर, मी सगळ्याइचा आवाज काढतो. रात्री सगळे झोपले का मोबाइलवर रील बनवाची, मंग लोकाइच्या रील पाह्याच्या. झोपता झोपता तीन वाजत. उठाले अकरा. अन् वरून मी पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो होतो! गावातले बाकीचे पोट्टे पाचले शाळेच्या ग्राउंडवर धावाले जात. मी पोचलो की तिथी फक्त त्यायच्या बुटाचे ठसे राह्यत.

लोकं म्हणत, पंक्या मागच्या भरतीत ग्राउंडमधे फेल झाला. साफ खोटं! मी फेल नाई झालो. मी ग्राउंडवर पोचलोच नाई. पोट्ट्याइची गाडी साडेतीनले निघाली चंद्रपूरले, अन् मी झोपलो होतो पावणेतीनले. मायनं उठवलं तं मी झोपेतच तिले ग्रामसेवकाच्या आवाजात म्हणलं म्हणे, "उद्या या."

भाऊनं मले धरलं ते असं. एका रात्री दोनच्या सुमाराले मी छपरीत रील बनवून राह्यलो होतो, भाऊचीच. डोक्याले दुपट्टा, हातात बॅटरी, मोबाइल पाण्याच्या माठाले टेकवलेला. मी भाऊच्या आवाजात गरजलो, "ए पोट्ट्या, कोणत्या शिफ्टचा बे तू?"

मागून भाऊच्याच आवाजात उत्तर आलं, "हेच मी तुले विचारून राह्यलो!"

माह्या हातातली बॅटरी खाली. दारात खरे भाऊ उभे, डोक्याले दुपट्टा, हातात बॅटरी.

"नक्कल बरी करतं," भाऊ म्हणाले. "पण मी एवढ्या लवकर 'बे' म्हणत नाई. आधी माणसाले मोका देतो. आता सांग, तू जागा काऊन?"

"तुम्ही काऊन जागे भाऊ?"

"माहं सोड बे. यंदाच्या ग्राउंडले किती दिवस राह्यले?"

"पंधरा."

"अन् झोपतं तीनले?" भाऊ माह्याकडं असे पाहाले लागले जशी मी बिघाड झालेली मोटर हाओ. "होते. दुरुस्त होते. पण माह्या पद्धतीनं."

मले वाटलं सांगतीन, मोबाइल ठेव अन् दहाले झोप. हे तं कोणीही सांगते. भाऊ म्हणाले, "तीनचा माणूस एकदम दहाले झोपत नाई. भट्टी एकदम थंडी केली तं आतली वीट तडकते. हळूहळू जाचं."

"म्हणजे आज पावणेतीन, उद्या अडीच?"

"मागं?" भाऊ एवढ्या जोरात म्हणाले का समोरच्या गोठ्यातली म्हैस उभी झाली. "शिफ्ट कधी मागं फिरते काय? ए नंतर बी, बी नंतर सी. शिफ्ट पुढंच फिरते! तूही पुढंच जाचं. रोज तीन तास उशिरा झोपाचं. तीनचे सहा, सहाचे नऊ, मंग बारा, तीन, सहा, अन् सहाव्या दिवशी रात्रीचे नऊ. पोचला का नाई?"

मी बोटं मोजले. खरंच पोचत होतो! लवकर झोपाले जागत जाचं, असा इलाज दुनियेत कोणाले सुचला असन? मी तं तिथल्या तिथं भाऊच्या पाया पडलो. मायले सकाळी सांगतलं तं ती म्हणे, "एक येडा होता गल्लीत, आता दोन झाले."

पहिल्या दिवशी सकाळी सहाले झोपलो, सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी नऊले. रात्रभर भाऊ माह्यासंग पत्ते खेळले. डोळा मिटला का कानाशी "लाइनवर राह्य!" तिसऱ्या दिवशी झोपाचा टाइम आला भर दुपारी बाराले, अन् नेमकी वणीची मावशी आली. मी छपरीत चादर डोक्यावरून ओढून सरळ ताणलेला, बाजूले भाऊ खाली मान घालून बसलेले. मावशीनं दारातूनच हंबरडा फोडला. माय सैपाकघरातून धावत आली, मी चादरीतून उठलो, तं मावशी अजूनच जोरात वरडली. भाऊ शांतपणे वहीत लिहून राह्यले होते: "१२:१०. झोपमोड. कारण: पाहुणे."

हाव, वही! लॉगशीट म्हणतेत तिले. भट्टीवर दर घंट्याले लिहा लागते ना, तशी माही लिहिली जाय. "१ वाजता. घोरणे चालू. आवाज नॉर्मल. कंपन थोडं, डाव्या पायाले. तापमान हात लावून पाह्यलं, ठीक." ती वही अजून हाये माह्यापाशी.

खरा घोळ झाला पाचव्या दिवशी. झोपाचं होतं संध्याकाळी सहाले. माय दिवा घेऊन आली अन् दारातच अडली.

"दिवे लागणीच्या टायमाले कोणी झोपते काय? लक्ष्मी घरात याची वेळ, अन् दारात हे आडवं पडलेलं! भाऊ, तुमची कंपनी तुमच्या घरी. माह्या घरी हे चालणार नाई."

"बाई, एकच दिवस..."

"एक मिनिट नाई!"

भाऊले पहिल्यांदा मी हळू बोलताना ऐकलं. "मंग बाज उचल रे पंकज. माह्या घरी चाल. आमच्या घरी कोणती लक्ष्मी येऊन राह्यली आता." अन् लगेच मोठ्यानं हासले. माय हासली नाई. तिनं दिवा ठेवला अन् बाजेचं एक टोक स्वतःच उचललं.

सहाव्या दिवशी नऊले पडलो. अन् काय सांगू! दगडासारखी झोप. मधात जाग नाई, सपन नाई. पहाटे चारले भाऊ आले उठवाले. म्हणे, लोकं झोपलेत, हळूच उठवतो. झालं! त्या 'हळूच'नं पूर्ण गल्ली उठली. पहिल्या दिवशी लोकाइनं शिव्या देल्ल्या. चार दिवसांनी सवय झाली. आठ दिवसांत गल्लीतल्या बाया सहाच्या आत पाणी भरून मोकळ्या, पोट्टे शाळेले टाइमात, अन् कोपऱ्यावरचा चहावाला पाचलेच बंब पेटवून तयार. दुरुस्त कराचा होता एक पंक्या, दुरुस्त झाली पंधरा घरं! अन् मी? मी ग्राउंडवर सगळ्याइच्या आधी. सोळाशे मीटर धावून आलो का भाऊ गेटवर उभे, बॅटरी लावून. सूर्य निघाला तरी बॅटरी चालूच.

फक्त भाऊ कवा झोपत ते मात्र मले समजलं नाई. विचारलं का म्हणत, "माहं सोड बे."

अशानं ग्राउंडचा आदला दिवस आला. गाडी पुन्हा साडेतीनलेच होती. भाऊनं मले साडेसातलेच झोपाले लावलं. मायले म्हणाले, "बाई, तुम्ही अलार्म लावू नका. मी आज सी शिफ्ट लावून घेतली. तीनले मी याच्या उशाशी. यंदा गाडी सुटत नाई."

अन् काय झालं असन? पावणेतीनले माहे डोळे आपोआप टकटकीत उघडले! ना हाक, ना अलार्म. मी अंधारात बसून एकटाच हासलो. तोंड धुतलं, बूट घातले. माय चहा ठेवून राह्यली होती. तीन झाले. भाऊ नाई. तीन वाजून पाच. भाऊ नाई.

मी अन् माय समोर गेलो. छपरीत बल्ब चालू. भाऊ खुर्चीवर बसलेले, पायात कंपनीचे बूट, हातात बॅटरी, तीही चालू. डोकं बाजूले उभ्या ठेवलेल्या बाजेवर टेकलेलं. भाऊ झोपले होते. घोरत होते, एका तालात.

माय हळूच म्हणाली, "झोपू दे बिचाऱ्याले. किती दिवसाचे जागे असन. तू जा."

अन् म्हणता म्हणता तिनं तोंडावर पदर दाबला.

तिले काय आठवलं ते मलेही कळलं. भाऊ रिटायर व्हाच्या आदल्या सालची गोष्ट. भाऊ सी शिफ्ट करून सकाळी घरी आले अन् झोपले. नऊच्या सुमाराले भाऊच्या बायकोच्या, आमच्या शांताकाकूच्या, छातीत दुखाले लागलं. माय तिथीच होती. माय म्हणाली, भाऊले उठवतो. काकू म्हणाली, "नको बाई, आताच डोळा लागला त्यायचा. झोपू दे. दवाखान्यातून मी जाऊन येतो." माह्या बाबानं गाडी काढली. काकू रस्त्यातच गेली. भाऊले उठवलं तवा दुपार झाली होती, अन् उठवून काही उपयोग नव्हता. भाऊ कोणाले काही बोलले नाईत. मायलेही नाई. फक्त तवापासून त्यायच्या घरातला बल्ब रात्री कधी बंद दिसला नाई.

मायनं माह्याकडं पाह्यलं. मी मायकडं पाह्यलं.

"बूट काढ," माय म्हणाली. "जा. झोप."

मी पळालो. बूट काढून बाजेखाली टाकले, चादर तोंडावर ओढली. इकडं मायनं भाऊच्या ओट्यावरचा ॲल्युमिनियमचा गंज, मोठं पातेलंच ते, उचलला अन् असा आपटला, असा आपटला, का दोन गल्ल्या पलीकडचे कुत्रे उठले. वरून स्वतःच वरडली, "मेली मांजर!"

मंग बुटाचा आवाज. धावत. भाऊ धावून राह्यले होते. मी घोराले लागलो. जिंदगीत लय नकला केल्या, पण एवढ्या मनानं एकही केली नव्हती.

"पंकज! ए पंकज! उठ!"

मी कूस बदलली.

"उठ बाबू, तीन वाजून गेले, गाडी येईन!" आवाज फाटला होता. त्यायनं माहा खांदा धरून गदागदा हलवला. "उठ ना रे!"

मंग मी डोळे उघडले. हळूच. चोळले. जांभई देल्ली. "झाले काय भाऊ तीन?"

भाऊ बाजेच्या कडेवर धपकन बसले. श्वास लागला होता. मी बाजेखालून बूट काढले. मी बूट घालून राह्यलो अन् ते पाहून राह्यले, जसं काही लय मोठं काम होऊन राह्यलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पोट्टे वरडले, "पंक्या, उठला का बे?"

"उठला!" भाऊ गरजले. पूर्ण गावाले ऐकू गेलं असन.

मंग माह्याकडं वळून म्हणाले, "आज थोडा उशीर झाला का रे? मी जागाच होतो बरं. रात्रभर जागाच होतो."

त्यायच्या डाव्या गालावर बाजेच्या सुतळीची पूर्ण जाळी उमटली होती. एकेक चौकोन मोजून घ्यावा अशी.

"हाव ना भाऊ," मी म्हणलं. "तुम्ही उठवलं नसतं तं मी कायचा उठतो."