सिंहमहाराजांची दया आणि दोन बॅटऱ्यांची ग्रिप

एका जंगलात एक सिंह होता आणि तो फार दयाळू होता. हसू नका. खरंच होता. वर्षातून एकदा, स्वतःच्या वाढदिवसाला, सकाळी दहापासून दहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत तो दयाळू असायचा.

त्या दिवसाला 'दयादिन' म्हणत. मांडव पडायचा. महाराज खुर्चीवर बसायचे, एका सशाला मांडीवर घ्यायचे आणि त्याला गाजर भरवायचे. दिगूकाका साळिंदर फोटो काढायचे. मध्ये कुणी आलं की काका नुसते काटे उभे करायचे, लगेच समोरची जागा मोकळी व्हायची. दुसऱ्या दिवशी तो फोटो झाडाझाडावर लागायचा.

आता चाळीसच मिनिटं का, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. गप्प बसणाऱ्या मुलांचं मला काही सांगू नका. तर दिगूकाकांच्या कॅमेऱ्याची बॅटरी चाळीस मिनिटं चालायची.

मांडीवर बसणाऱ्या सशाला 'लाभार्थी' म्हणत. आजवर सहा ससे लाभार्थी झाले होते. सहाही जणांचे मांडीवरचे फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहेत. फोटोंना हार घातलेले आहेत.

सातव्या वर्षी निमंत्रण रंगोबा सशाला आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. शेजारीपाजारी अभिनंदन करायला आले. "नशीब काढलंत हो!" असं म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

रंगोबाची बायको गोदा चुलीपाशी बसून रडली. रंगोबा घोरायचा, कांदा खाऊन शेजारी बसायचा, एक गोष्ट तीनदा सांगायचा. पण तो तिला आवडायचा. तिला तो घरी परत हवा होता. डोळे पुसून ती थेट दिगूकाकांकडे गेली.

"काका, खरं सांगा. बॅटरी संपल्यावर काय होतं?"

"काय होणार? मी नवी घालतो."

"किती वेळ लागतो?"

"मागच्या वर्षी सत्तावीस सेकंद लागले," काका अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा आवाज पडला. "महाराजांना पंधरा लागले."

"म्हणजे फोटो चालू आहेत तोवर ते खात नाहीत?"

"छे! फोटोत खाताना दिसतील ना! काकू, तुम्ही पण काय!"

गोदा विचारात पडली. "मग बॅटरी संपलीच नाही तर?"

"तसं करायचं तर ग्रिप लागते," काका म्हणाले. "कॅमेऱ्याच्या बुडाला एक ठोकळा बसवायचा. त्यात दोन मोठ्या बॅटऱ्या मावतात. एक संपली की दुसरी आपोआप चालू. मध्ये सेकंद जात नाही. पण ग्रिप चांगली हवी. हलकी घेतली तर मधेच बंद पडते. तेव्हा कॅमेऱ्याला काही होत नाही म्हणा."

"कॅमेरा नाही बसायचा मांडीवर," गोदा म्हणाली. तिने काकांचा कॅमेरा मागून घेतला आणि रंगोबाला ओढत बाजारात नेलं.

वाटेत माकड भेटलं. माकडाला जंगलातल्या प्रत्येक वस्तूविषयी मत होतं. "निळ्या खोक्यातली घ्या," ते म्हणालं. "मी तिला पाचपैकी पाच तारे दिलेत. खोका इतका सुंदर आहे! अजून उघडलेला नाही."

नथूशेठ मुंगूसाच्या दुकानात तीच निळ्या खोक्यातली ग्रिप पुढे मांडलेली होती. "घ्या काकू, एकदम मजबूत. एक वर्षाची गॅरंटी. बिघडली तर यांनी स्वतः घेऊन यायची, लगेच बदलून देतो."

"बिघडली तर हे घेऊन यायला उरणार नाहीत हो, शेठ."

"मग गॅरंटीचा प्रश्नच येत नाही," नथूशेठ म्हणाले.

गोदाने ग्रिप हातात घेतली. ग्रिप कशी निवडतात ते तिला ठाऊक नव्हतं. पण माठ निवडता यायचा. तिने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. 'बद्द' असा आवाज आला. कानाशी धरून हलवली, तर आत काहीतरी खुळखुळलं. कॅमेऱ्याला लावली, तर स्क्रू नुसताच गोल गोल फिरत राहिला.

"शेठ," ती म्हणाली, "ही लावली तर तुम्ही महाराजांच्या मांडीवर बसाल?"

नथूशेठनी ती ग्रिप उचलून खाली ठेवली. दुसरी काढली.

"हिच्यावर?"

शेठनी मिशी चोळली. "मी नाही बसणार. मेहुण्याला बसवेन."

"मेहुण्याशी बरं आहे का तुमचं?"

"नाही."

तीही ग्रिप खाली गेली. मग नथूशेठ आतल्या खोलीत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ते फडक्यात गुंडाळलेली एक काळी, जड ग्रिप घेऊन आले. गोदाने ठोकली. 'टण्ण'! कॅमेऱ्याला लावली. स्क्रू आवळला. जोर लावून हलवली, रंगोबाच्या डोक्यावर एकदा आपटूनही पाहिली. रंगोबा हलला, ग्रिप हलली नाही.

"हिच्यावर बसाल?"

"हिच्यावर बसेन," नथूशेठ म्हणाले. "पण बोलावू नका."

किंमत ऐकून रंगोबाचे दोन्ही कान खाली आले. "अगं, एवढ्यात तर नवं बीळ होईल."

"आणि त्यात राहणार कोण?" गोदा म्हणाली. ग्रिप घेतली.

दयादिन उजाडला. रंगोबा मांडीवर बसला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, त्यामुळे महाराजांना थोड्या गुदगुल्या होत होत्या. फोटो सुरू झाले. खिच्, खिच्.

दहा चाळीसला महाराजांनी ओठांवरून जीभ फिरवली. "संपली का, दिगू?"

"नाही महाराज. अजून भरलेली आहे."

महाराज पुन्हा हसले. रंगोबाला अजून एक गाजर भरवलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. महाराजांचे गाल दुखायला लागले. खिच्, खिच्.

तेवढ्यात गर्दीतल्या एका हरिणीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती हळूच पुढे आली. "महाराज, आम्हाला तळ्यावर पाणी पिऊ देत नाहीत."

महाराजांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दिलं!" ते हसत म्हणाले. "पाणी दिलं!"

मग काय, रांगच लागली. माकडाने आंब्याचं झाड मागितलं. मिळालं. अस्वलाने मधाच्या पोळ्यांवर हक्क मागितला. तोही मिळाला. रानडुक्कर म्हणाला, "महाराज, माझे मेहुणे गेल्या मंगळवारपासून सापडत नाहीत." महाराजांनी पोटावर शाल ओढून घेतली. "शोध घेऊ," ते म्हणाले.

एक वाजता पहिली बॅटरी संपली. दुसरी आपोआप सुरू झाली. कुणाला कळलंसुद्धा नाही. फक्त गोदाने डोळे मिटले आणि उघडले. रंगोबा जागेवर होता.

तीन वाजता दिगूकाकांचा चेहरा एकदम उतरला. ते गोदाच्या कानाशी पुटपुटले, "काकू, घात झाला. बॅटरी आहे. पण कार्ड भरलं! आता एकही फोटो मावत नाही."

ग्रिप इतकी ठोकून घेतली, पण कार्डाचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडे महाराजांचे कान टवकारले होते. रंगोबा बायकोकडे पाहत होता.

"फ्लॅश उडतो ना?" गोदाने विचारलं.

"फ्लॅश वेगळा आहे. तो उडेल."

"मग उडवा. आणि आवाज तोंडाने काढा."

दिगूकाकांनी फ्लॅश उडवला आणि काट्यांच्या आडून तोंडाने म्हणाले, "खिच्."

महाराज हसले.

तासभर काका तोंडाने खिच् खिच् करत होते. घसा बसला तेव्हा माकडाने केलं. चार वाजता महाराजांची मान एका बाजूला कलंडली. उपाशीपोटी, सहा तास हसून हसून, ते हसत्या तोंडानेच झोपले. रंगोबा मांडीवरून उतरला. त्याच्या पोटात एकोणीस गाजरं होती. गोदाने त्याला धरून धरून घरी नेलं आणि वाटभर त्याला रागावत राहिली, कारण दुसरं काय बोलावं ते तिला सुचेना. घरी जाऊन तो घोरला. ती बसून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर फोटो लागले. 'सलग सहा तास दया!' महाराज फारच खूश झाले. असा विक्रम कुठल्याच जंगलात झाला नव्हता.

पुढच्या वर्षीचं निमंत्रण निघालं. तोच जाड कागद, तीच सोनेरी अक्षरं. फक्त खाली एक बारीक ओळ वाढली होती : 'लाभार्थ्याने ग्रिप व कार्ड स्वतःचे आणावे.'

तात्पर्य : राजाच्या दयेवर कधीही शंका घेऊ नये. ती किती बॅटऱ्यांवर चालते एवढं मात्र मांडीवर बसण्याआधी विचारून घ्यावं.