मंजुळाबाई कोण?

श्रीखंडाचा जुना डबा द्यायला मंजुळाबाई काही केल्या तयार होईनात.

"त्यात माझी हळद असती. असल्या कामाला न्हाई मिळायचा."

"मग काय ओंजळीत धरू?" रंगराव संडासाच्या दारातून ओरडले. शेजारी ऐकतील म्हणून त्यांनी लगेच आवाज खाली आणला, पण तोवर जायचं तिथे गेलंच होतं.

भानगड अशी होती. रंगरावांच्या चाकणच्या कंपनीने पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांना आणि त्यांच्या बायकांना एकेक पाकीट वाटलं होतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून घरच्या घरी शौचाचा नमुना घ्यायचा, काडीने नळीत भरायचा आणि कंपनीच्या दवाखान्यात नेऊन द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्तही म्हणे लॅबमध्ये सापडतं. सोबतच्या चित्रात एक हसतमुख गोरा म्हातारा कमोडवर कागद ताणत होता. थेरगावातल्या या घरात कमोड नव्हता, आणि त्या प्रसंगी हसतमुख राहणं रंगरावांना जमण्यासारखं नव्हतं. शेवटी श्रीखंडाचे दोन डबे कामी आले आणि हळद चहाच्या बरणीत गेली.

दोन नळ्या भरल्या, झाकणं घट्ट लागली. नावांची लेबलं कंपनीनेच लावून दिली होती. मंजुळाबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि खिडकीत ठेवलेल्या त्या दोन नळ्यांसमोर रंगराव एकटेच उरले.

इथे रंगरावांविषयी थोडं सांगायला हवं. गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या त्या कंपनीत ते पॅकिंग लाइनवर तपासनीस होते. डाव्या आरशाच्या खोक्यावर उजव्याचं लेबल दिसलं की ते अख्खी लाइन बंद करत आणि ज्याने चिकटवलं त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्याने करत. आता ते निवृत्तीला आले होते. मोजक्या लोकांना कंपनी आणखी दोन वर्षं ठेवून घेणार होती आणि त्यांची नावं याच महिन्यात ठरायची होती. घरी बसायच्या कल्पनेनेच रंगरावांच्या पोटात गोळा येई. मंजुळाबाईंच्या पोटात तर त्याहून मोठा येई, कारण दिवाळीच्या सुट्टीत रंगरावांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची तपासणी करून तूरडाळ नापास केली होती.

त्यात कालच कंपनीच्या बसमध्ये त्यांचा दोस्त मीरासाहेब म्हणाला होता, "रंगरावभाऊ, तपासणी फुकट हाय ते ठीक. पण ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याला कंपनी ठेवून घेईल का राव?" घरी येऊन रंगरावांनी ते बायकोच्याही कानावर घातलं होतं.

रंगरावांनी आपल्या पोटाचा विचार केला. नाइट शिफ्ट, ठेचा, कॅन्टीनचे वडे. असल्या पोटाकडून चांगल्या रिपोर्टची अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. बायकोचं पोट मात्र घड्याळासारखं. तिला ढेकरसुद्धा कधी अवेळी आला नव्हता. तिचा नमुना आपल्या नावावर गेला तर कोणाचं काय बिघडणार होतं? रंगरावांनी बोटं ओली केली, कोपरा न फाटू देता दोन्ही लेबलं सोलली आणि अदलाबदल करून चिकटवली. काम इतकं सफाईदार झालं, की त्यांना स्वतःलाच ते पास करावंसं वाटलं.

अंघोळ करून ते बाहेर आले तेव्हा मंजुळाबाई नळ्या पिशवीत घालत होत्या.

"मी घेतलं असतं की," रंगराव दचकून म्हणाले.

"तुमी विसरला असता," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि ओली बोटं पदराला पुसत आत गेल्या.

रिपोर्ट मोबाइलवर आले. रंगरावांच्या नावावर रक्त नव्हतं. मंजुळाबाईंच्या नावावर होतं, आणि घाबरून न जाता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी असंही लिहिलं होतं. मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणजे ते रक्त आपलं, रंगराव मनाशी म्हणाले, आणि ही बिचारी स्वतःसाठी रडतेय.

त्या दिवसापासून घरात ठेचा बंद झाला. रंगरावांच्या ताटात दुधी आणि मऊ भात आला, तर मंजुळाबाई स्वतः हिरवी मिरची खात होत्या. रिपोर्ट हिचा वाईट आणि पथ्य मला कसं, असा प्रश्न रंगरावांना पडला होता. पण खरा आजारी कोण हे त्यांना ठाऊक असल्यामुळे, शिक्षा समजून ते दुधी मुकाट गिळत राहिले.

दुर्बिणीच्या तपासणीचा दिवस उजाडला. धडधाकट बायकोच्या आत आपल्यापायी नळी जाणार, हा विचार रंगरावांना सहन होईना. दवाखान्यात डॉक्टर यास्मिन यांनी फाइल उघडून विचारलं, "मंजुळाबाई कोण?"

"मी," म्हणत रंगराव उभे राहिले.

मंजुळाबाई त्यांना खाली ओढतील असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी उलट त्यांना पुढे ढकललं. "व्हय, ह्येच मंजुळाबाई. ह्यांनाच तपासा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, काय चाललंय?"

"मी लेबलं बदलली," रंगराव मान खाली घालून म्हणाले. "कंपनीनं ठेवून घ्यावं म्हणून."

"तुमी कधी बदलली?" मंजुळाबाई चमकल्या. "लेबलं तर मी बदलली! तुमी अंघोळीला गेल्यावर. म्हटलं, माझं पोट चांगलं हाय, ते ह्यांच्या नावावर जाऊ दे. न्हाईतर हे दिवसभर घरात बसतील."

"कंपनीला कोणाचाच रिपोर्ट जात नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "किती जणांनी तपासलं, एवढाच आकडा जातो."

पण रंगरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. डाव्यावर उजव्याचं लेबल लागलं आणि पुढच्या माणसाने ते पुन्हा बदललं, तर खोकं बरोबरच जातं. जन्मभराच्या नोकरीने शिकवलेली ही गोष्ट त्यांच्या डोक्यात सगळ्यांच्या आधी उजेड पाडून गेली, आणि ते बायकोकडे वळले.

"मंजुळे," ते हळूच म्हणाले, "ते तुझं हाय गं."

"माझं?" मंजुळाबाई म्हणाल्या. "मग दुधी कशापायी तुमाला खायला घातला?"

रंगरावांना हसू आलं नाही. स्वतःच्या मरणाची भीती त्यांनी दुधीबरोबर कशीबशी पचवली होती. ही भीती घशाखाली उतरेना. बायको आत गेली आणि ते बाहेर बाकावर बसून राहिले. तेवढ्यात मीरासाहेबचा फोन आला. "भाऊ, तुमचं नाव लागलं! दोन वर्षं मिळाली! पार्टी कधी?"

"बरं," म्हणून रंगरावांनी फोन ठेवला.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. आतड्यात वाटाण्याएवढा मांसाचा कोंब होता, तो तिथल्या तिथे काढला. दिसायला साधाच आहे, पण राहिला असता तर पुढेमागे महागात पडला असता. रंगरावांनी मनाशी हिशोब मांडला. मंजुळेला तीच अक्कल सुचली नसती, तर दुर्बीण त्यांच्या पोटात जाऊन रिकामी परत आली असती, ते पेढे वाटत घरी गेले असते आणि तो कोंब तिच्या पोटात निवांत वाढत राहिला असता. आरशांच्या खोक्यांवरून आपण ज्यांना झापलं, ते सगळे चेहरे त्यांना आठवले. त्यांनी डोळे पुसले आणि ते आत गेले.

सिस्टरने त्यांच्यापुढे काढलेल्या कोंबाची एक छोटी बाटली आणि सुटं लेबल धरलं. "काका, एवढं नाव चिकटवा आणि खाली लॅबमध्ये देऊन या."

कॉटवर मंजुळाबाई गुंगीत होत्या. डोळे मिटलेलेच होते, पण आवाज ठणठणीत आला. "सिस्टर, ह्यांच्या हातात लेबल देऊ नका!"

इतकं गोड बोलणं रंगरावांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. सिस्टरने लेबल चिकटवलं. रंगराव दोन्ही हातांत बाटली धरून, दर पायरीला नाव वाचत खाली उतरले.

"मंजुळाबाई कोण?" लॅबच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"बायको माझी," रंगराव म्हणाले. "आणि लेबल सिस्टरनी लावलंय. मी हात न्हाई लावला."