परबांनी पुसलेलं यंत्र

मुलुंडच्या सुबोध परबांनी रविवारी सकाळी केलेली आंघोळच त्यांच्या मुळावर आली.

कांजूरमार्गच्या मालवाहतूक कंपनीत परब रोज एक अहवाल लिहीत: काल कुठला ट्रक का अडकला. आता हुकूम निघाला होता, की हा अहवाल संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून कंपनीच्या दूरच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवायचा. त्याची परीक्षा होणार, आणि ज्याला जमणार नाही, त्याची रवानगी भिवंडीच्या गोदामात. परबांचे गुडघे भिवंडीला जाण्यासारखे नव्हते.

ऑफिसातल्या प्रबुद्धने त्यांच्या लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून दिल्या. "काका, डावी सरावाची. तिथलं यंत्र खोटं आहे, बिनधास्त मोडा, पुन्हा उभं करता येतं. उजवी खरी. तुमचे सगळे जुने अहवाल तिथे आहेत, तिच्यात हात घालू नका."

पण परबांना खोटंसुद्धा मोडवेना. सरावाच्या यंत्रावर त्यांनी 'आंबा', 'फणस' अशा नावांच्या फायली केल्या होत्या, त्या पुसताना बोट बटणावरून परत येई. आणि परीक्षा तर पुसण्याचीही होती. शेवटी रविवारी त्यांनी ठरवलं, गावच्या देवाला, रवळनाथाला गाऱ्हाणं घालूनच पुसायचं. आता पारोशाने उघडलेल्या खिडक्यांसमोर गाऱ्हाणं कसं घालणार? त्यांनी दोन्ही बंद केल्या, आंघोळ केली आणि शुचिर्भूत होऊन पुन्हा उघडल्या. यावेळी खरी आधी उघडली आणि डावीकडे जाऊन बसली.

"बा देवा रवळनाथा," परबांनी हात जोडले, "आज ह्या तुझा लेकरू काळ्या खिडकीत हात घालता हा. काय चूकभूल झाली तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून सुगंधाबाई म्हणाल्या. त्या बांगडे साफ करत होत्या.

यंत्र मोठं चिकट. एकेक फाईल काढून विचारी, हिला पुसू का? परब फक्त 'पुसू का?' एवढंच मोठ्याने वाचत, आतून "व्हय म्हाराजा" येई, की हे होकाराचं बटण दाबत. मजकुराकडे पाहायची गरजच उरली नाही.

"ओ, अजून किती व्हय म्हणू? माझे हात माशांत आसत."

बायकोचा त्रास वाचावा म्हणून परबांनी न विचारता सगळं पुसणारी आज्ञा शोधून काढली. यंत्र गप्प झालं. मग सहज उजव्या खिडकीत डोकावले, तर तिथे आंबा आणि फणस सुखरूप होते.

सोमवारी त्यांनी प्रबुद्धला गाठलं. "वाट लागली रे. सगळे अहवाल गेले. आजचाही टाकला नाही."

प्रबुद्धने तपासलं. "दुसरी प्रत कुठेच नाही, काका." मग तो हळूच म्हणाला, "पण गेल्या वर्षभरात तुमच्याशिवाय हे अहवाल कुणी उघडलेलेच नाहीत."

"मग त्यांना कळणार नाही म्हणतोस?"

"कळलं तर दोन गोष्टी कळतील ना. अहवाल गेले, आणि ते कुणाला लागतच नव्हते."

दुसरी गोष्ट ऐकून परबांचे गुडघे आत्ताच दुखू लागले. पण रवळनाथाला मध्ये घातलेला माणूस, खोटं कसं पचणार? भिवंडीची मनाची तयारी करून ते विभागप्रमुख चंद्रप्रकाश साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, त्या अहवालांबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोलायचं काय त्यात, परब? रोज सकाळी पहिलं काम तेच करतो, तुमचा अहवाल वाचतो. आजचाही वाचला."

परब समोरच्या खुर्चीत बसले.

"एकच सांगतो, राग मानू नका," साहेब खुर्चीत मागे रेलले. "फार लांबण लावता. आजचा तर दोनदा वाचावा लागला. जरा आटोपशीर लिहा."

"बरं, साहेब."

दुसऱ्या दिवशी परबांनी काहीच पाठवलं नाही. दुपारी साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता कसा नेमका उतरला. एक शब्द जास्तीचा नाही."

"मेहनत घेतली, साहेब," परब गंभीरपणे म्हणाले.