नानांचे पोपटी बूट

एका शनिवारी मृणालिनीने ठरवलं, आज सासऱ्यांचं कपाट आवरायचं. (कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण सुट्टीच्या दिवशी स्वतःचं कपाट आवरायला लागू नये म्हणून बाई काहीही करते.)

कपाट उघडलं आणि ती मटकन पलंगावर बसली. आत पोपटी रंगाचे बूट. तेही ब्रँडेड! शेजारी हातमोजे, प्रोटीन पावडरचा डबा आणि मुलुंड स्टेशनजवळच्या जिमचं नाव छापलेली बॅग.

हे नाना! साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवणारे नाना! बनियनला भोक पडलं तर ‘हवा खेळते’ म्हणणारे नाना!

“सिद्धेश, वाट लागली! नाना जिमला जातात!”

“बरं आहे ना मग,” नवरा मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

“बरं काय? बहात्तराव्या वर्षी माणूस एवढा खर्च कशासाठी करेल?”

“तब्येतीसाठी.”

“तब्येतीसाठी माणूस कारल्याचा रस पितो रे. पोपटी बूट कुणीतरी बघावेत म्हणून घेतो!”

आणि मग तिला आठवलं, बी विंगच्या रत्नप्रभाबाई हल्ली ट्रॅकपँट घालून बाहेर पडतात. सासूबाई गेल्यापासून नाना एकटे. बाईही एकट्या. मृणालिनीच्या डोळ्यांपुढे थेट नवी सासूच उभी राहिली, ओट्याशी, फोडणीत डोकावणारी. पहिल्या सासूबाईंना हिची आमटी पसंत पडेपर्यंत अर्धं आयुष्य गेलं होतं. आता पुन्हा पहिलीपासून?

संध्याकाळी नाना ती बॅग घेऊन बाहेर पडले आणि थोड्या वेळाने ती तशीच, गाऊनवर ओढणी टाकून जिममध्ये धडकली. (पूर्वी तिथे फरसाणचं दुकान होतं. पत्ता विचारावा लागला नाही.)

आत रत्नप्रभाबाई सायकलवर निवांत बसल्या होत्या. पाय जागच्या जागी.

“काकू, तुम्ही इथे... नानांसाठी येता?” तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“शी गं! एसीसाठी येते. घरी सून लावू देत नाही.”

मृणालिनीचा जीव भांड्यात पडला. पण मग नाना कशासाठी? कोपऱ्यात ते ट्रेनरसमोर लोखंडी बार उचलत होते. चेहरा लाल, गुडघे लटलट.

“नाना, ठेवा ते खाली! कशाला हा नसता उद्योग?”

नानांनी बार आदळला. घाम पुसला. “सांगणार नव्हतो. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती ना, तू जिन्यातच बसलीस. ‘मी काही आता उठत नाही’ म्हणालीस. सिद्धेशला हाक मारली, तर तो अर्ध्या जिन्यात दमून तुझ्या शेजारीच टेकला. तेव्हाच ठरवलं, या घरात एक तरी माणूस धडधाकट हवा. उद्या तुला काही झालं, तर उचलायचं कुणी?”

मृणालिनी ओशाळली. आपण काय काय मनात आणलं या देवमाणसाबद्दल!

“म्हणजे हे सगळं... माझ्यासाठी?”

“मग! थोडं थोडं वाढवतोय वजन.”

“आता मला उचलू शकाल?” तिने लाजत विचारलं.

नानांनी ट्रेनरकडे पाहिलं. ट्रेनरने मृणालिनीला गाऊनसकट नजरेनं जोखलं. मग बारकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

“अंकल,” तो हळूच म्हणाला, “पुढच्या वर्षाचं पॅकेजपण आत्ताच घेऊन ठेवा.”